ऑरनचा दाणा, मर्लच्या बरण्या

२६ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेआठच्या सुमारास ऑरन बिक्स्लरने मर्ल किंटनरच्या सलूनमध्ये गल्ल्याजवळच्या काचेवर चौदा डॉलर ठेवले. केस कापण्याचा दर चौदाच होता. चार वर्षांत ऑरनने त्या दुकानात ठेवलेले हे पहिले पैसे. मर्लने ते गल्ल्यात टाकले नाहीत. दुपारी दुकान बंद होईपर्यंत ते तिथेच पडून राहिले आणि बाकीच्या गिऱ्हाइकांनी आपापले पैसे त्यांच्या बाजूला ठेवले. ते पैसे कोणाचे, हे ब्रायर फोर्ड गावात सगळ्यांना न सांगता कळले होते.

मर्लचे दुकान कोर्टाच्या समोरच्या रांगेत, बँक आणि बियाण्यांचे दुकान यांच्या मधोमध. खुर्ची एकच. मर्ल ठेंगणा, पोट सुटलेला, आणि स्वतःच्या डोक्यावर एकही केस नसलेला माणूस. नवे गिऱ्हाईक त्याच्या टकलाकडे पाहू लागले की तो म्हणे, "घाबरू नका, हे मी नाही कापलेले. हे आपले आपण गेले." भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: वस्तरा मानेवर असताना राजकारण नको. केस कापून होईपर्यंत पाऊस, मका, डुकरांचा भाव आणि शाळेच्या संघाचा बास्केटबॉल एवढेच विषय. अंगावरचे कापड झटकले की मग काय बोलायचे ते बोला.

पण दर चार वर्षांनी, ऑक्टोबर लागला की, खुर्चीमागच्या कोपऱ्यात एक जुना पडदा टांगला जाई. पडद्याआड एक फळी, फळीवर काचेच्या दोन मोठ्या बरण्या. एकीवर हत्तीचे चित्र, दुसरीवर गाढवाचे, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांची चिन्हे. मध्ये एक वाडगा, त्यात मक्याचे दाणे. केस कापून झाले की गिऱ्हाइकाने पडद्याआड जायचे, वाडग्यातला एक दाणा उचलायचा आणि आपल्या मनातल्या बरणीत टाकायचा. बायकांनाही मज्जाव नव्हता. मुलाला घेऊन आलेली आई खुर्चीत दोन मिनिटे बसे, मर्ल तिच्या कपाळावरची एक बट कापल्यासारखी करी, आणि ती पडद्याआड जाई. एक डोके, एक दाणा. ज्याने दाणा टाकला त्याच्या नावापुढे मर्ल भेटीच्या वहीत टिंब करी, म्हणजे महिन्यात दोनदा केस कापणाऱ्याला दोनदा कौल देता येत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी फायर स्टेशनात तळलेल्या मासळीचे सार्वजनिक जेवण असते. दाणे त्याच दुपारी मोजायचे आणि संध्याकाळी मर्लने बाकावर उभे राहून अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष कोण ते सांगायचे, असा रिवाज होता. दुकान उघडल्यापासून मर्ल एकदाही चुकला नव्हता. मोठमोठ्या संस्थांचे अंदाज तोंडावर पडले, मर्लचा नाही. आमच्या काउंटीत निम्मे शेतकरी आणि निम्मे कारखान्यातले, त्यामुळे देशाचा वारा इथे आधी कळतो, असे रेडिओवरचा एक माणूस इंडियानापोलिसहून येऊन सांगून गेला होता. मर्लने त्याचे केस फुकट कापले आणि दाणा टाकू दिला नाही. "तू इथला नाहीस," म्हणाला.

दाणे मोजायला मी असे. मी इथल्या धान्याच्या सहकारी संस्थेत हिशेब पाहतो. दोन्ही बरण्यांतले दाणे मोजून वहीतल्या टिंबांशी ताळा घ्यायचा, दोन्ही आकडे जुळले की खाली सही करायची, एवढेच माझे काम. आकडे दर वेळी जुळत.

आता ऑरन. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला त्याची शेती. बाकी सगळे जण जनावरांचा मका पेरतात. ऑरन एकटा पॉपकॉर्नचा मका लावतो. गाढवाच्या पक्षाचा तो आमच्या भागातला गटप्रमुख, त्याच्या आधी त्याचे वडील. कारण विचारले तर सांगे, "आमच्या घरात दिवा लागला तो गाढवानं लावला. हत्तीनं विजेचा खांबसुद्धा टाकू दिला नसता." ऑरन उंच, हाडकुळा, बोलायला तुसडा. मर्लचा शाळेपासूनचा मित्र. दर शनिवारी सकाळी आठची वेळ त्याची. तोंडावर ते एकमेकांना कधी बरे बोलले नाहीत. मर्लची बायको डेला गेल्यापासून मर्ल दर रविवारी चर्चमधून सरळ ऑरनकडे जेवायला जाई. ऑरनची बायको लोईस त्याच्यासाठी एक खुर्ची मांडूनच ठेवी.

मासळीच्या जेवणात मर्लने नाव सांगितले की मागच्या बाकावरून ऑरन ओरडे, "पाई." म्हणजे पैज. मर्ल जे सांगेल त्याच्या विरुद्ध ऑरनची बाजू, मग तो हत्ती असो की गाढव. हरणाऱ्याने साखर-सायीची पाई, म्हणजे पिठाच्या पारीत साखर-साय भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करायची आणि स्वतःच्या हाताने करायची. बायकोने हात लावला तर ती बाद. ऑरन दर वेळी हरला. दर चार वर्षांनी नोव्हेंबरात तो दुकानात पाई घेऊन येई. ती कधी कडेला जळालेली, कधी मधे ओघळलेली. आम्ही सगळे चमच्याने खात असू.

"यंदा जरा घट्ट झालीय," मर्ल म्हणे.

"खा गप. दात आहेत का तुला?"

हे असे वर्षानुवर्षे चालले असते. मोडले ते एका दाण्यामुळे.

वाडग्यातला मका आमच्या संस्थेतून आणलेला असे, म्हणजे जनावरांचा: मोठा, चपटा, डोक्यावर खळगी असलेला. ऑरनला तो दाणा हातात धरणे कमीपणाचे वाटे. "डुकराच्या तोंडचा घास आहे हा. यानं मी अध्यक्ष निवडू?" तो येताना खिशातून आपला दाणा आणी. पॉपकॉर्नचा दाणा बारीक, टोकदार, तांबूस आणि काचेसारखा चकचकीत असतो. शेकडो दाण्यांत तो एक दाणा वाळूत पडलेल्या मण्यासारखा दिसे. ऑरनच्या हे कधी डोक्यात आले नाही. स्वतःच्या पिकाचा अभिमान असलेल्या माणसाला आपला दाणा वेगळा दिसतो हे कळते, पण त्यामुळे आपणही दिसतो हे कळत नाही. मर्लला आणि मला तो दर वेळी दिसे, दर वेळी गाढवाच्या बरणीत. आम्ही तो इतरांबरोबर मोजत असू. बोलण्यासारखे त्यात काही नव्हते.

या आधीच्या निवडणुकीला तो हत्तीच्या बरणीत निघाला.

मर्लने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पाहिला. मी म्हणालो, "मोजू या." तो हसला आणि दाणा ढिगात टाकला. मला वाटले विषय संपला. संध्याकाळी बाकावर उभा राहिला तेव्हा मात्र त्याला राहवले नाही. समोर सगळे गाव, हातात ताटल्या, सगळे हसायला तयार. तो म्हणाला, "मंडळी, यंदा वारा इतका फिरलाय, की पॉपकॉर्नसुद्धा उडून दुसऱ्या बरणीत पडलाय."

सगळे हसले. मग एकेक जण हसायचा थांबला, कारण काउंटीत पॉपकॉर्न लावणारा माणूस एकच होता आणि तो मागच्या बाकावर बसला होता. ऑरनने ताटली खाली ठेवली, टोपी घातली आणि दाराकडे निघाला. लोईस त्याच्या मागून गेली. त्या वर्षी "पाई" कोणी म्हटले नाही.

पुढच्या महिन्यात पक्षाच्या लोकांनी ऑरनला फार सभ्यपणे सांगितले, की तुम्ही आता थकलात, गटप्रमुखाचे काम तरुणाकडे देऊ या. वडिलांपासून चालत आलेले काम गेले.

त्यानंतर ऑरन केस कापायला शेजारच्या काउंटीत, मॉलमध्ये जाऊ लागला. तिथल्या मुली मशीन लावतात, गप्पा मारत नाहीत आणि कानामागे पाहत नाहीत. ऑरनच्या डोक्याची एक बाजू कायम दुसरीपेक्षा उंच दिसे. तो टोपी काढेनासा झाला. चर्चमध्ये काढावीच लागे, तेव्हा मर्ल चार बाके मागून त्या मानेकडे पाहत बसे. "कोणी कापलेत रे ते," तो माझ्या कानात म्हणे. "शेळीनं खाल्ल्यासारखे." आणि त्याचा चेहरा असा होई, जणू कोणी त्याच्या घराची भिंत वाकडी बांधली आहे.

शनिवारची आठची वेळ मर्लने कोणाला दिली नाही. दार उघडून, कापड झटकून तो साडेआठपर्यंत रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राही. रविवारी पेट्रोल पंपाच्या काउंटरवर सँडविच खाई. एकदा त्याने माझ्याबरोबर निरोप धाडला, की ये म्हणावं, झालं गेलं. ऑरन गोठ्यात होता. काम न थांबवता म्हणाला, "ज्यानं माझा दाणा चारचौघांत उघडा केला, त्याच्या हातात वस्तरा असताना मी मान कशी पुढे करू?" मी तसेच्या तसे मर्लला सांगितले. मर्ल म्हणाला, "बरोबर आहे त्याचं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधले.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मर्लने जाहीर केले, की डिसेंबरअखेर दुकान बंद. हात थरथरू लागले होते. फार नाही, पण वस्तऱ्याला तेवढे पुरे. गावाला काळजी पडली ती शेवटच्या अंदाजाची. रेडिओवाल्याने फोन करून येण्याचे कळवले. बँकेतली पोरे मर्लला म्हणत, "मर्लकाका, एकही न चुकता निवृत्त होणार तुम्ही. पुतळा उभारू कोर्टासमोर."

"टकलावर कबुतरं बसतील," मर्ल म्हणे. त्याचे लक्ष तिकडे नव्हते. सप्टेंबरात एके दिवशी माझे केस कापून झाल्यावर तो म्हणाला, "हिशेबनीस, मला ऑरन पुन्हा या खुर्चीत बसलेला पाहायचाय. डिसेंबरच्या आत. नाहीतर हे दुकान मी बंद केलं असं नाही होणार. ते आपलं आपण बंद पडलं असं होईल."

"मग जाऊन माफी माग."

"माग म्हणे. तो काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, कशाची? मग काय सांगू?" तो थोडा वेळ खुर्चीचा पितळी कठडा पुसत राहिला. "तू एक काम कर. त्याच्या टपरीवरून पॉपकॉर्न आण. जेवढ्या पिशव्या असतील तेवढ्या. माझी गाडी तो ओळखतो."

ऑरनच्या शेताच्या तोंडाशी रस्त्यावर एक फळ्यांची मांडणी आहे. तिथे माणूस नसतो. पिशवी उचलायची, डब्यात पैसे टाकायचे. मी सगळ्या पिशव्या गाडीत भरत असताना लोईस दारात येऊन उभी राहिली.

"एवढा पॉपकॉर्न?"

"सिनेमे बघतो हल्ली."

"सगळं थिएटर घरी बोलावता वाटतं." ती पिशव्यांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "ऑक्टोबर जवळ आला, नाही का," एवढेच म्हणून आत गेली.

त्या ऑक्टोबरात मर्लच्या वाडग्यात जनावरांच्या मक्याचा एकही दाणा नव्हता. सगळा वाडगा ऑरनच्या पॉपकॉर्नने भरलेला. लोक पडद्याआड जात, जरा थांबत आणि बाहेर येऊन पैसे ठेवत. एक जण फक्त म्हणाला, "संस्थेतला मका संपला का रे?" मर्ल म्हणाला, "चांगला नाही येत हल्ली." मी तिथेच बसलो होतो. आमच्या संस्थेचा मका उत्तम असतो.

ही बातमी ऑरनपर्यंत कोणी नेली नाही. त्याच्याशी त्या विषयावर बोलण्याची कोणाची छाती नव्हती. मात्र त्याच्या नातीचे, टेसचे, लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होते, आणि लोईसने घरात सांगून टाकले, "फोटोत ते डोकं मला चालणार नाही. टोपी घालून तू नातीचा हात धरून चालणार आहेस का? मर्लकडे जा. बोलू नकोस हवं तर. तिथे तशीही बोलायला बंदी आहे."

म्हणून २६ तारखेला सकाळी आठ वाजता ऑरन आला. मी बाकावर पेपर वाचत होतो. मर्लने कापड झटकले. ऑरन टोपी काढून बसला. मर्ल त्याच्या डोक्याभोवती एकदा पूर्ण फिरला.

"नेहमीसारखे?" त्याने विचारले.

"लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझं नाही."

पुढे कात्रीचा आवाज. मर्लने पावसाचे काढले. ऑरनने हूं केले. मर्लने मक्याचा भाव काढला; ऑरन म्हणाला, मक्याला भाव नाही. "तुझ्या मक्याला आहे," मर्ल म्हणाला. "यंदा तुझ्या टपरीवर काही शिल्लक राहिलं नाही असं ऐकलं."

"कोणीतरी वेडा येऊन सगळा घेऊन गेला."

मी पेपर जरा वर धरला.

मानेवर वस्तरा फिरवताना मर्लने डाव्या हाताने उजवे मनगट धरले होते. ऑरनला आरशात ते दिसले. तो हलला नाही. उलट मान आणखी थोडी खाली केली.

कापड झटकल्यावर तो उठला आणि पडद्याकडे पाहू लागला. त्याचा हात खिशात गेला, म्हणजे दाणा आणलाच होता. चार वर्षे रागावलेला माणूस केस कापायला येताना खिशात दाणा टाकून येतो, हे मी लोईसला नंतर सांगितले तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. ऑरन पडद्याआड गेला. मग वाडग्यात हात घातल्याचा खळखळाट ऐकू आला, आणि थोड्या वेळाने एक दाणा काचेवर पडल्याचा आवाज.

बाहेर येऊन त्याने चौदा डॉलर ठेवले.

"माझा माल फुकट वाटतोस," तो म्हणाला.

"विकत घेतलाय. नगद."

"डुकरांचा मका पुरला असता या लोकांना."

"या लोकांना पुरला असता," मर्ल म्हणाला.

ऑरनने टोपी हातात घेतली, डोक्यावर घातली नाही, आणि तसाच रस्त्याने गाडीकडे गेला. मर्ल काचेतून पाहत होता. "मागची बाजू बरोबर आलीय," तो म्हणाला.

दुपारी दार लावून आम्ही बरण्या उपड्या केल्या. मी मोजले, पुन्हा मोजले, मग वहीतली टिंबे मोजली. ताळा जुळेना. डोक्यांपेक्षा दाणे किती तरी जास्त. कारण शोधायला फार लागले नाही. जनावरांचा दाणा मोठा, एकच उचलला जातो. पॉपकॉर्न बारीक, चिमटीत दोन येतात, तीन येतात, बोटाला चिकटून एखादा मागून पडतो. कोणाचे किती जास्त पडले, ते सांगायची सोय नव्हती. दोन्ही बरण्यांतला फरक तर या जास्तीच्या दाण्यांहूनही कमी होता.

"मर्ल, यावर मी सही करू शकत नाही," मी म्हणालो. "आज काही सांगू नकोस. तब्येत बरी नाही म्हण. न चुकता निवृत्त होशील."

"आणि कारण विचारलं तर?"

"कारण खरं सांग. दाणे बारीक होते."

"म्हणजे पुन्हा बाकावर उभा राहून ऑरनच्या दाण्याबद्दल बोलू?" तो दाणे ओंजळीने पिशवीत भरू लागला. "पुढे कोण आहे?"

मी सांगितले.

"तर मग तोच."

संध्याकाळी फायर स्टेशनात उभे राहायला जागा नव्हती. रेडिओवाल्याने माइक पुढे धरला. मर्ल बाकावर चढला, एका हाताने माझा खांदा धरून, आणि त्याने नाव सांगितले. फक्त नाव. वाऱ्यावर काही नाही, बरण्यांवर काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग टाळ्या थांबल्या, कारण सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या. मागच्या बाकावर ऑरन टोपीशिवाय बसला होता, दोन्ही बाजू सारख्या कापलेल्या. तो मासळीतला काटा काढत होता. काटा काढून झाला, ताटलीच्या कडेला ठेवला, आणि मग तो म्हणाला, "पाई."

हसण्याचा आवाज रेडिओवर गेला. मर्ल बाकावरून उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तळणाच्या धुराने, असे तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मर्ल चुकला. कोण जिंकले ते लिहीत नाही. ते लिहिले की वाचणारा बाजू घेतो. रेडिओवाल्याचा पुन्हा फोन आला नाही. बँकेतली पोरे दोन दिवस दबक्या आवाजात बोलत होती, जणू दुकानात कोणी वारले आहे. मर्ल मात्र शीळ घालत होता. ऑरन आयुष्यात पहिल्यांदा पैज जिंकला होता, आणि ते त्याला मिरवता येईना इतके अवघड वाटत होते. त्या दाण्याचे मागच्या वेळी काय झाले होते, तो हत्तीच्या बरणीत का पडला, ते मर्लने त्याला अजून विचारलेले नाही.

दुकान डिसेंबरअखेर बंद झाले. खुर्ची मर्लने घरी नेऊन स्वयंपाकघरात ठेवली आहे. शनिवारी आठ वाजता ऑरन तिथे जातो. केस कापण्यासारखे नसले तरी जातो, बसतो, आणि विचारतो, "झाली का?"

"साय नीट जमत नाही," मर्ल म्हणतो.

"घाई नाही."

रविवारी मर्ल त्यांच्याकडे जेवतो. लोईसने मदत करू का म्हणून विचारले. दोघांनीही एकदम नाही म्हटले.

साखर-सायीची एक पाई, मर्ल किंटनरकडून ऑरन बिक्स्लरला, अजून येणे आहे.